जुनेपणाची घडण



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून सामान्यतः मोठ्या विषयांची चर्चा होत असते. राष्ट्र, साहित्य, शेती, शिक्षण यांसंबंधी अधिकारी मंडळी येथे बोलून गेली आहेत. आज आम्ही आपणांपुढे जो विषय घेऊन उभे आहोत, तो तळहातावर मावणारा आहे. रेल्वेच्या इंजिनाला पाणी देणाऱ्या एका लाकडी टाकीची लहानशी प्रतिकृती आम्ही घरी बसून तयार केली. तिची रुंदी साडेआठ सेंटिमीटरही भरत नाही. चार महिने संध्याकाळी खपून ती बांधली आणि बांधून झाल्यावर मुद्दाम, विचारपूर्वक जुनी केली. हे पाहून घरातील मंडळींनी साहजिकच विचारले, "एवढे पैसे खर्चून नवी वस्तू आणली, ती जुनी कशाला करायची? जुनी हवी होती तर माळ्यावर काय कमी आहेत?" त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम या छंदाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. खेळण्यातली आगगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला किल्ली दिली की ती गोल फिरते आणि मूल टाळ्या वाजवते. आम्ही ज्या छंदाविषयी बोलत आहोत त्याची सुरुवात या खेळण्यापासून झाली हे खरे. परंतु त्याची वाट पुढे वेगळी झाली. खेळण्यात गाडी चालली म्हणजे पुरे होते. या छंदात गाडीबरोबर तिचे गाव, तिचे स्टेशन, गुदाम, पूल, डोंगर आणि पाण्याची टाकी अशी सारी सृष्टी ठरावीक प्रमाणात उभी करावी लागते. अमेरिकेत या छंदाला १९३०च्या दशकात चांगले संघटित रूप आले. मिलवॉकी येथे 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ साली सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याच गावी या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. साल लक्षात घेण्याजोगे आहे. तो महामंदीचा काळ होता. लोकांच्या हाती पैसा कमी होता. अशा दिवसांत लाकडाचे तुकडे, पुठ्ठा आणि तार यांतून स्वतःची रेल्वे उभी करणारी माणसे एकमेकांना शोधत होती.

या संघटनेने जे मोठे काम केले ते प्रमाणे निश्चित करण्याचे. एकाने बांधलेला डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालला पाहिजे, एवढी साधी गरज त्यामागे होती. आज सर्वांत प्रचलित असलेल्या प्रमाणाला 'एचओ' म्हणतात. ओ नावाच्या जुन्या प्रमाणाचे ते अर्धे, म्हणून एचओ, म्हणजे 'हाफ ओ'. त्यात खऱ्या जगातील एक फूट म्हणजे प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, खरी वस्तू प्रतिकृतीच्या ८७ पट मोठी असते. या हिशेबाने साडेपाच-पावणेसहा फूट उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, आणि एक इंच म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर त्या सृष्टीत ती पावणेदोन इंच रुंद होते. सुताराने रेघेच्या अलीकडे कापले की पलीकडे, यावरून तेथे दार बसणार की नाही हे ठरते.

आता आमच्या टाकीकडे येऊ. ती अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डोंगराळ मुलखातील आहे. त्या भागात जनरल विल्यम पामर यांनी १८७० साली डेन्व्हर अँड रिओ ग्रांड नावाची रेल्वे काढली आणि तिचे रूळ एकमेकांपासून तीन फुटांवर ठेवले. डोंगरात वळणे तीव्र घ्यावी लागतात, बोगदे आणि कापे करावे लागतात. अरुंद रुळांवर हे सर्व कमी खर्चात होते. ड्युरँगोहून सिल्व्हरटन या चांदीच्या खाणींच्या गावापर्यंत गाडी १८८२ साली पोहोचली. वाफेच्या इंजिनाला कोळसा तर लागतोच. पण त्याहूनही वरचेवर पाणी लागते. चढावर तर ते फारच पिते. म्हणून वाटेवर ठिकठिकाणी पाण्याच्या टाक्या असत, आणि लाकूड मुबलक असलेल्या मुलखात त्या लाकडी असत.

अशा टाकीची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तीत शोभेसाठी केलेले असे काहीच नसते. टाकी म्हणजे एक अवाढव्य पीपच. २४ फूट व्यासाचे आणि १६ फूट उंचीचे पीप हे एक नेहमीचे माप होते. त्यात पन्नास हजार अमेरिकी गॅलन पाणी सहज राही. या पाण्याचे वजन सुमारे १९० टन भरते. एवढा भार उचलायचा म्हणून खाली एक एक फूट जाडीचे लाकडी खांब, त्यांवर तुळया, आणि तुळयांवर पीप. पिपाच्या फळ्या उभ्या, एकमेकींना बिलगून बसवलेल्या. सहा इंच रुंदीची फळी धरली तर वर्तुळ पुरे करायला दीडशे फळ्या लागतात. त्यांना घट्ट धरून ठेवणारी लोखंडी कडी बाहेरून आवळलेली असतात. या कड्यांतील अंतर सारखे नसते. वर ती विरळ असतात आणि तळाकडे जावे तसतशी दाट होत जातात. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागाशी तो नाहीच, तळाशी सर्वांत अधिक. म्हणजे दूर उभे राहून नुसती कडी पाहिली तरी शाळेतील पदार्थविज्ञानाचा एक धडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळत नाही, त्याचे कारण पाणीच आहे. ओले लाकूड फुगते आणि फुगून सांधा मिटवते. आपल्याकडे कोकणात होडी फार दिवस उन्हात पडून राहिली की तिच्या फळ्या आकसून फटी पडतात, तोच हा न्याय. भरलेली टाकी टिकते. रिकामी ठेवलेली टाकी मोडते. हे वाक्य आम्ही पुढे पुन्हा आठवणार आहोत.

अशा टाकीचे किट बाजारात मिळते. किट म्हणजे जुळवणीचा संच. त्या पेटीत टाकी नसते, टाकीचे सामान असते: लाकडाच्या पातळ चकत्या, बारीक पट्ट्या, ओतीव धातूचे लहान भाग, दोऱ्याची गुंडी, छपराच्या कागदी कौलपट्ट्या आणि एक नकाशा. हल्ली पुष्कळ किटांतील भाग लेझरने कापलेले येतात, त्यामुळे माप चुकत नाही. लाकूड बहुधा बासवुड नावाच्या झाडाचे असते. ते मऊ आणि बारीक पोताचे असते. म्हणून त्याची निवड. आपला सागवान कितीही उत्तम असला, तरी या कामाला तो चालत नाही. सागाच्या लाकडात पाव मिलिमीटरचे छिद्र असले, तर त्या सृष्टीत ते बावीस मिलिमीटरचे भोक दिसेल. अशा फळ्यांच्या टाकीत पाणी राहील असे कोण म्हणेल? लाकूड आपण ८७ पटीने लहान कापू शकतो. पण त्याचे तंतू लहान करता येत नाहीत. म्हणून मुळातच ज्याचे तंतू दिसत नाहीत असे लाकूड घ्यायचे आणि त्यावर तारेच्या ब्रशाने अगदी हलकेच रेषा ओढून खोटे तंतू काढायचे.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक नवशिके चुकतात. पहिला नियम असा, की रंग आधी आणि डिंक नंतर. ज्या जागी डिंकाचा थेंब लागला, तेथे लाकूड रंग पीत नाही. मग सांध्यासांध्याशी पांढरे डाग राहतात आणि ते कशानेही जात नाहीत. म्हणून फळ्या सुट्या असतानाच रंगवाव्यात. ड्रॉइंगची काळी शाई काही थेंब स्पिरिटमध्ये घातली की करड्या रंगाचे पातळ पाणी तयार होते. त्यात काही फळ्या एकदा बुडवाव्यात, काही दोनदा, काही तीनदा. म्हणजे एकीसारखी दुसरी दिसत नाही. दुसरा नियम असा, की पातळ लाकडाची एकच बाजू भिजवू नये; ते पापडासारखे वाकते. दोन्ही बाजू भिजवून वर वजन ठेवावे आणि रात्रभर हात लावू नये. तिसरा नियम सुताराचाच आहे: प्रत्येक खांब गुण्याला लावून पाहावा. खांब केसभर कलला तरी बारा खांबांवर ती चूक वाढत जाते आणि शेवटी टाकी एका बाजूला मान टाकते. डिंक टाचणीच्या टोकाने लावावा. कड्यांसाठी आलेला दोरा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याचे उडालेले तंतू बसतात. हे सर्व करताना घाई झाली की काम बिघडते. आणि घाई बहुधा रात्री अकरा वाजता, 'एवढे आटपूनच उठू' असे म्हटल्यावर होते, हा आमचा अनुभव आहे.

तर अशी टाकी तयार झाली. आता तिला जुनेपणा द्यायचा. इंग्रजीत या क्रियेला 'वेदरिंग' म्हणतात, म्हणजे ऊनपावसाचा परिणाम दाखवणे. नव्याकोऱ्या रंगाची इमारत त्या सृष्टीत खेळण्यासारखी दिसते; कारण खऱ्या जगात, आणि विशेषतः कोळशाच्या धुरात उभी असलेली, कोणतीच इमारत तशी नसते. आम्ही उत्साहाने कामाला लागलो. करडे पाणी सगळीकडून फिरवले. तांबूस खडूची पूड करून प्रत्येक कड्यावर गंज चढवला. काळ्या खडूची पूड छपरावर, भिंतीवर, खांबांवर सारखी पसरली. एक शिडीची पायरी मोडली, दोन फळ्या चिरल्या, छपराची कौले तीन ठिकाणी उचकटली. काम संपले तेव्हा टाकी शंभर वर्षांची दिसत होती, असे आम्हांला वाटले, आणि आम्ही ती मोठ्या अभिमानाने दिवाणखान्यात मांडली.

आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे आयुष्य रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सुतारकाम करण्यात गेले. आळीतील लहानथोर त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. ते एक दिवस सकाळी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टाकी हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली, आणि विचारले, "हिच्यात पाणी गळतं कुठून?"

आम्ही म्हणालो, "काका, असं काही ठरवलेलं नाही."

"मग ही एवढी ओल सगळीकडून कशी? पाणी वर चढत नाही हो. ते एका जागेहून निघतं आणि खाली जातं. आणि सूर्य कुठल्या अंगाला आहे?"

याचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. काकांनी टाकी खाली ठेवली. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राग मानू नका, पण एक विचारतो. इंजिनं हिच्यातून रोज पाणी घेत होती ना? मग हिला कुणी राखत नव्हतं काय? एक फळी बदललेली नाही, एक कडं नवं नाही. अशी टाकी आठ दिवस चालायची नाही. ही जुनी नाही. ही टाकून दिलेली आहे."

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानात सांगण्यासारखे जे काही आहे, ते या दोनचार वाक्यांत आले. आम्ही जुनेपणा म्हणजे मळ समजत होतो. काकांच्या दृष्टीने जुनेपणा हा एक हिशेब होता. त्यात ऊन, पाऊस, गळती या खर्चाच्या बाजू होत्या आणि दुरुस्ती ही जमेची बाजू होती. आम्ही खर्च तेवढा मांडला होता, तोही अंदाजाने.

मग आम्ही अभ्यासाला बसलो. उन्हापावसात लाकडाचे काय होते, हे पाहू लागलो. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे लिग्निन तोडतात. पाऊस ते तुटलेले द्रव्य धुऊन नेतो. मागे राहतात ते फिकट, मोकळे तंतू. म्हणून उघड्यावरचे लाकूड प्रथम बदलते आणि मग राखाडी, रुपेरी होत जाते. हे काम ज्या अंगाला ऊन अधिक, त्या अंगाला अधिक होते. कोलोरॅडो उत्तर गोलार्धात आहे. तेथे सूर्य दक्षिणेकडून येतो. तेव्हा टाकीचे दक्षिण अंग पांढुरके, त्यावरचा रंग पोपडे धरून सुटलेला. उत्तर अंगाला रंग शाबूत, पण खाली ओल टिकून शेवाळाची हिरवट छटा.

आता आश्चर्याची गोष्ट ऐका. उन्हापावसाने लाकूड झिजते, परंतु किती? मऊ जातीच्या लाकडाची झीज शंभर वर्षांत साधारणपणे सहा मिलिमीटर होते, असे लाकूडशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. या सहा मिलिमीटरला ८७ने भागले तर उत्तर येते मिलिमीटरचे सात शतांश. साध्या कागदाची जाडीही याहून अधिक असते. म्हणजे शंभर वर्षांची झीज आमच्या टाकीवर कागदाच्या जाडीइतकीही दिसता कामा नये. आम्ही चाकूने ज्या खाचा पाडल्या होत्या, त्या शेकडो वर्षांच्या झिजेच्या निघाल्या. एवढी वर्षे कोलोरॅडोत रेल्वे नव्हती. काळ या प्रमाणात कोरता येत नाही. तो केवळ रंगाने सुचवता येतो.

लाकूड कुजते कोठे, हाही प्रश्न होता. आम्ही सारी टाकी कुजकी दाखवली होती. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. सतत पाण्याने भिजून तुडुंब राहिलेल्या फळीत हवेला जागा नसते, म्हणून ती फळी दीर्घकाळ टिकते. कुजते ते जेथे ओल आणि कोरडेपणा आलटूनपालटून येतात तेथे: खांबांचे पाय, तुळयांचे सांधे, छपराची कड. लोखंडाचा गंजही सगळीकडे पसरत नाही. तो खिळ्याच्या खाली ओघळतो. शिवाय रेडवुडसारख्या ज्या लाकडांत टॅनिन असते, त्यांत लोखंडाच्या संयोगाने काळानिळा डाग पडतो. भांडी घासण्याची लोखंडी तारेची घासणी व्हिनेगारमध्ये दोन दिवस ठेवून ते पाणी टॅनिन असलेल्या लाकडावर लावले, तर तोच रंग घरच्या घरी मिळतो. चहाच्या कडक पाण्यातही टॅनिन असते. म्हणून आमच्या बासवुडाला आधी चहा पाजून मग हे पाणी लावले.

मूळ नकाशा आमच्यापाशी होताच. बासवुडाच्या पट्ट्या मागवल्या आणि दुसरी टाकी बांधायला घेतली. या वेळी रंगाची डबी उघडण्यापूर्वी कागद घेतला आणि टाकीची कुंडली मांडली. सूर्य कुठे, रूळ कुठल्या बाजूला, इंजिनाची चिमणी कुठे उभी राहते, पाणी सोडण्याचा नळ कोणता आणि तो किती वर्षे थोडा थोडा गळतो आहे. मग काजळी फक्त रुळाकडच्या छपराच्या कडेवर आली. नळाखाली एकच काळसर ओघळ आला, आणि त्याच्या दोन्ही कडांना पाण्यातील चुन्याची पांढरी रेघ. खांबांच्या पायथ्याशी सुमारे तीन फूट उंचीपर्यंत, म्हणजे आमच्या मापाने एक सेंटिमीटर, शिंतोड्यांचा काळेपणा. शिडीच्या पायऱ्या मध्यभागी फिकट, कारण पाय तेथेच पडतो.

आणि शेवटी जमेची बाजू. दक्षिणेकडच्या राखाडी फळ्यांमध्ये तीन फळ्या नव्या घातल्या, पिवळसर, रंग न लावलेल्या. एक खांब बदलला. एका कड्याची आवळपट्टी नवी, काळी कुळकुळीत. छपरावर दोन कौलपट्ट्या वेगळ्या रंगाच्या. या कामाला एक संध्याकाळही लागली नाही. पण त्या तीन पिवळ्या फळ्या बसल्या आणि टाकी उभी राहिली. तोवर ती नुसती चांगली बांधलेली होती.

मिस्त्रीकाकांना बोलावले. त्यांनी पुन्हा चष्मा कपाळावर नेला. बराच वेळ पाहिले. मग एका नव्या फळीवर नखाने टिचकी मारून म्हणाले, "फळी बसवली, पण रंग द्यायचा राहिला वाटतं."

आम्ही म्हणालो, "रंगाचा डबा अजून आला नसेल, काका."

"असंच व्हायचं," ते म्हणाले आणि हसले. यापेक्षा मोठी पावती आम्हांला नको होती.

या कलेचा इतिहास पाहिला तर तोच झगडा दिसतो. या छंदाच्या आरंभीच्या काळी प्रतिकृती लखलखीत ठेवण्याची रीत होती. कॅलिफोर्नियातील माँटरे येथे जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार राहत. त्यांनी आपल्या घरात एक विस्तीर्ण काल्पनिक रेल्वे उभारली आणि तिच्यावर काजळी, गंज, ओघळ सारे दाखवले. त्यांची छायाचित्रे मासिकांतून येऊ लागली आणि जुनेपणा देण्याची रीत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे जॉर्ज सेलिओस यांनी १९६७ साली 'फाइन स्केल मिनिएचर्स' ही संस्था काढून अतिशय बारकाव्याची लाकडी किटे तयार केली; आणि मॅसॅच्युसेट्समधील पीबडी येथे मंदीच्या काळातील न्यू इंग्लंडची एक नगरीच आपल्या रेल्वेभोवती बसवली.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. मंदीच्या काळातील पडकी घरे, फुटक्या खिडक्या, उडालेले रंग यांची हौसेने मांडणी करणे म्हणजे दुसऱ्याच्या दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हे काय? ज्यांनी त्या घरांत हिवाळे काढले, त्यांना ते पोपडे सुंदर वाटले असतील काय? हा आक्षेप आम्हांला खरा वाटतो. आमची पहिली टाकी याच दोषाची होती. तिच्यात पडझडीची हौस होती, माणसाची आठवण नव्हती. परंतु यावर उपाय वस्तू चकचकीत ठेवणे हा नव्हे. ती खोटी ठरेल. उपाय हा, की जेथे झीज दाखवली तेथे तिच्याशी झगडणारा हातही दाखवावा. गरिबाच्या घरी ठिगळ असते. ठिगळ म्हणजे केवळ फाटल्याची खूण नव्हे, ते शिवल्याचीही खूण आहे.

दुसरा आक्षेप असा, की नव्याला जुने भासवणे ही फसवणूक आहे. जुन्या बाजारात नवी मूर्ती पुरून, काढून, पुराणवस्तू म्हणून विकणारे लोक असतात. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक कोणता? फरक एवढाच, पण तो पुरेसा आहे: तो आपली करणी लपवतो, आणि आम्ही ती व्याख्यान देऊन सांगतो. नटाने म्हाताऱ्याचे सोंग घेतले म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मात्र सोंग वठवायला म्हाताऱ्याची चाल पाहिलेली असावी लागते.

आता या सगळ्याचा उपयोग काय, हा शेवटचा प्रश्न. कोलोरॅडोत वाफेची इंजिने गेली तशी या टाक्यांची गरज संपली. डिझेल इंजिनाला वाटेत पाणी लागत नाही. टाक्या रिकाम्या झाल्या. आणि भरलेली टाकी टिकते, रिकामी मोडते, हे आपण पाहिलेच. त्या तीन फुटी रेल्वेचा एक तुकडा १९७० साली कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी मिळून विकत घेतला. कुंब्रेस अँड टॉल्टेक या नावाने त्यावर वाफेची गाडी चालते, आणि चामा येथे जुनी लाकडी टाकी उभी आहे. तेथे स्वयंसेवक येऊन फळ्या बदलतात, रंग देतात, खिळे ठोकतात. म्हणजे तेथेही पिवळ्या फळ्या आहेत. पण ज्या टाक्यांना असे भाग्य लाभले नाही त्या गेल्या. त्यांपैकी ज्यांची मापे कोणी हौशी माणसाने फूटपट्टी घेऊन, वहीत टिपून ठेवली, तेवढ्या आज नकाशात आणि किटांत जिवंत आहेत.

प्रतिकृतीही अमर नसते, हेही सांगितले पाहिजे. जॉन ॲलन १९७३च्या जानेवारीत वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची ती रेल्वे आगीत नष्ट झाली. अनेक वर्षांचे काम गेले. राहिली ती छायाचित्रे आणि त्यांच्यापासून शिकलेली माणसे. टिकते ते लाकूड नव्हे. पाहण्याची रीत टिकते, असे म्हणावेसे वाटते.

आपल्याकडेही अरुंद रुळांची परंपरा आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांवर. ती पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी गाडी १९०७ सालची. बार्शी लाइनचे रूळ आता रुंद झाले आहेत. त्या गाडीने आषाढीला गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लघुरेल्वेचे एक संग्रहालय आहे. मुलांना घेऊन ते अवश्य पाहावे. परंतु सर्व काही संग्रहालयावर सोपवून चालणार नाही. आपल्या गावच्या जुन्या स्टेशनाचे छप्पर किती उंच होते? फलाटावरच्या लाकडी बाकाला किती पट्ट्या होत्या, आणि त्यांपैकी कोणती बदललेली होती? गिरणीचे दार कोणत्या बाजूला अधिक झिजले होते, आणि का?

आम्ही आपणांस टाकी बांधायला सांगत नाही. चार महिने सर्वांपाशी नसतात आणि घरची मंडळी सर्वत्र सारखीच सोशिक नसतात. आमची विनंती लहान आहे. एखाद्या सुटीच्या सकाळी एक टेप, एक वही आणि एक पेन्सिल घेऊन गावातील एका जुन्या लाकडी वस्तूपाशी जा. देवळाचा सभामंडप, वाड्याचा दिंडी दरवाजा, नदीकाठची होडी, काहीही. तिची मापे घ्या. ऊन कुठून येते, पाणी कुठे ओघळते ते पाहा. आणि मग तिच्यात नवी फळी कोठे आहे ते शोधा. ती सापडली, की ती कोणी बसवली हे शेजारच्या वृद्ध माणसाला विचारा. त्याला बहुधा नाव आठवेल.

ते नाव वहीत लिहून ठेवा. आमच्या घरी दोन्ही टाक्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. पाहुणे आले की पहिलीकडे बोट दाखवून म्हणतात, "केवढी जुनी!" आणि दुसरीपाशी थांबून विचारतात, "ही कुठली हो?" माळ्यावरच्या जुन्या वस्तूंची आठवण करून देणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना आमचे उत्तर हेच आहे.